वीस मोजेपर्यंत

ओजलनं भोकाड पसरलं तेव्हा उज्ज्वलाचे हात कणकेत होते. हात धुवायला चार सेकंद पुरले असते, आणि पुरलेही. पण नळ बंद केल्यावर ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली आणि मनात आकडे मोजू लागली.

"मावशी, ओजल रडतेय," साडेतीन वर्षांच्या त्विशानं वर्दी दिली.

"ऐकू येतंय मला."

"मग घे ना तिला."

"घेते. अजून चौदाच झालेत."

त्विशाला यात काही वावगं वाटलं नाही. मोठी माणसं कुकरच्या शिट्ट्या मोजतात, जिन्याच्या पायऱ्या मोजतात, तशी मावशी रडणं मोजते. वीस झाले तशी उज्ज्वला बाहेरच्या खोलीत आली. खेळण्यांच्या टोपलीत ओजलचा हात अडकला होता. तो सोडवून तिनं पोरीला उचललं, पण खांद्याशी धरलं नाही. कडेवर, जरा लांबच घेतलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी. पोर हुंदके देत तिच्या गळ्याकडे झेपावत होती आणि ही पाथर्डी फाट्याच्या पुलावरच्या गाड्या बघत होती.

तीस वर्षं पाळणाघर चालवताना उज्ज्वला बोरस्तेच्या घरात कुठलं मूल तीन मोजेपर्यंतही रडत राहिलं नव्हतं. वीसची सवय नवी होती. मुलांच्या पाठीवर टिकली आली म्हणून ती लावून घ्यावी लागली होती.

कंपनीनं त्या वस्तूला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण नाशकात सगळे तिला टिकलीच म्हणत. दोन रुपयांच्या नाण्याएवढी, मऊ, बाळाच्या दोन खांद्यांच्या मधोमध चिकटवायची. ती आंघोळीतही निघत नसे आणि कोणी काढलीच तर आईच्या फोनवर बोंब होत असे. सुरुवातीला ताप कळावा, झोपेत श्वास अडकला तर समजावं म्हणून डॉक्टरांनी ती आणली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तिला आणखीही बरंच कळतं.

बाळ रडू लागलं की त्याच्या हृदयाचे ठोके घोड्यासारखे धावतात. आपलं माणूस जवळ आलं, त्याचा वास आला, त्याच्या छातीची ऊब लागली की मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस त्या घोड्याचा लगाम ओढते. ठोके उतरतात, तळव्यांचा घाम सुकतो, श्वास लांब होतो. परक्या माणसाच्या कडेवरही हे होतं, पण सावकाश. रडणं सुरू झाल्यापासून ठोके जागेवर येईपर्यंत किती वेळ गेला ते टिकली मोजायची. जवळ कोण होतं ते त्या माणसाच्या हातातल्या कड्यावरून तिला कळायचं. लाखभर बाळांच्या नोंदी ताडून ती शंभरपैकी आकडा द्यायची. पत्रकात त्याला तीन ओळींचं नाव होतं. लोक त्याला मायेचा आकडा म्हणू लागले, आणि लोकांनी एकदा नाव ठेवलं की पत्रक कोण वाचतो?

पहिल्या वर्षी उज्ज्वलाचा आकडा एक्क्याण्णव आला. पाळणाघराच्या दाराशी रांग लागली, लोक बाळ पोटात असतानाच नाव घालून जाऊ लागले. तिनं तो आकडा छापून दारावर लावला नाही, पण कोणी विचारल्यावर सांगायला तिला वेळ लागत नसे, हेही खरं.

मग आया घरी जाऊन स्वतःचा आकडा बघू लागल्या.

आता यात आईचा दोष कुठे होता? मूल जागेपणी नऊ तास उज्ज्वलाकडे आणि तीन तास आईकडे. त्या तिनातही आई दमलेली, मूल किरकिरलेलं आणि गॅसवर दूध. हा हिशेब पाचवीतल्या पोरालाही मांडता आला असता. पण एका बाजूला एक्क्याण्णव आणि दुसऱ्या बाजूला बासष्ट लिहिलेलं दिसलं की कोणतीच आई हिशेब मांडत बसत नाही. पहिली आई येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही हं, फक्त घरापासून जरा लांब पडतं." घर समोरच्या इमारतीत होतं. दुसरी म्हणाली, सासूबाई येणार आहेत. सासूबाई दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या आणि त्यांच्या दहाव्याला उज्ज्वला जाऊन आली होती. तिसरीपर्यंत तिच्या ध्यानात आलं. पाळणाघरात मूल सुखात असावं असं सगळ्यांना वाटतं, फार सुखात नसावं असंही वाटतं, आणि या दोहोंच्या मधली जागा पाटाएवढी आहे.

इंदिरानगरात पाळणाघर चालवणारी तिची जुनी मैत्रीण विद्या निरगुडे हिनं फोनवर उपाय सांगितला.

"पन्नास ते पंचावन्न. त्याच्यावर जाऊ द्यायचा नाही. चाळीसच्या खाली गेला तर दुर्लक्षाची नोटीस येते, मग मेलोच आपण."

"आणि धरून कसा ठेवायचा? ती काय रेडिओची खुंटी आहे?"

"मी लसूण खाते. सकाळी चार पाकळ्या, कच्च्या. एकही पोर तोंड जवळ आणत नाही."

"तुझे यजमान?"

"त्यांच्या पाठीवर टिकली कुठाय?" विद्या खो खो हसली.

उज्ज्वलाला लसूण सोसत नव्हता. तिनं मोजण्याचा मार्ग धरला. वीस मोजून उचललं की आकडा बावन्न-त्रेपन्नला येऊन बसे, अगदी लोणच्याच्या फोडीसारखा मापात. मुलं टिकली. आया दाराशी हसून बोलू लागल्या. पूर्वी त्या उंबऱ्यावर उभ्या राहून दिवसभराचं विचारायच्या, किती जेवली, शी झाली का, कोणाला चावली. आता तेही फोनवर आधीच आलेलं असे. तेव्हा "थँक्यू मावशी" एवढं म्हणून, मूल घेऊन, त्या लिफ्टकडे वळत. साडेसहाला घर मोकळं व्हायचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ झालं नव्हतं. उज्ज्वला टोपलीत खेळणी भरायची, आणि घरात तेवढाच आवाज व्हायचा.

अशात सायली आली.

सायली गायधनी म्हणजे उज्ज्वलाच्या पाळणाघरातलं पहिलंवहिलं मूल. दोन हजार सोळा साली, दहा महिन्यांची असताना, तिच्या आईनं, निशाताईंनी, तिला उज्ज्वलाच्या हातात दिलं आणि त्या बँकेत कामावर रुजू झाल्या. ती सायली आता अंबडच्या औषध कारखान्यात तपासणी विभाग सांभाळत होती, नवरा बंगळुरूला होता, निशाताईंना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि कडेवर अकरा महिन्यांची ओजल.

"मावशी, दुसरीकडे ठेवायचं मनातसुद्धा आलं नाही," सायली म्हणाली. "आई म्हणायची, उज्ज्वलाकडे ठेवलं म्हणून मी नोकरी करू शकले."

उज्ज्वलानं ओजलला घेतलं. पोरीनं तिच्या गालाला हात लावला. उठता-बसता तिच्या लक्षात येत गेलं की हे मूल टिकवायचंय. बाकीची टिकली तर बरं, ही टिकलीच पाहिजे. तिनं सायलीचा आकडा विचारून घेतला. अठ्ठावन्न. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. मी बावन्न.

आणि तिनं मोजायला सुरुवात केली.

उज्ज्वलाच्या देवघराच्या खालच्या खणात एक जुनी वही होती. पाळणाघर सुरू केलं त्या महिन्यात घेतलेली, आता पाठीला चिकटपट्टी लावलेली. तीत चार रकाने होते. तारीख, मूल, पहिल्यांदा काय केलं, आणि आईला सांगितलं का. पहिला दात, पहिली टाळी, पहिला शब्द, पहिलं पाऊल. आणि शेवटच्या रकान्यात, पानामागून पान, एकच उत्तर. नाही.

हा तिचा नेम होता. नऊ तास मूल जिच्याकडे, तिच्यासमोरच ते पहिल्यांदा चालणार, त्याला इलाज नाही. पण ते आईला कशाला सांगायचं? शुक्रवारी मूल इथे तीन पावलं चाललं की संध्याकाळी दाराशी ती सहज म्हणायची, "रविवारी जरा मोकळं सोडा हं तिला. आज फार उभी राहत होती." सोमवारी आई नाचत यायची. "मावशी, काल चालली! माझ्याकडे चालत आली!" मग उज्ज्वला दोन्ही हात गालाला लावून म्हणायची, "काय सांगता!" हे "काय सांगता" तिनं तीस वर्षांत शंभरेक वेळा म्हटलं असेल आणि एकदाही कोणाला संशय आला नाही.

टिकलीनं तो नेम मोडला. टिकलीला पाऊल कळत होतं. मूल तोल सांभाळून एक पाय उचलून पुढे टाकतं तेव्हा पाठीचा कणा एका विशिष्ट लयीत झुलतो, आणि ती लय पहिल्यांदा उमटली की त्या सेकंदाला आईच्या फोनवर मजकूर जातो. पहिलं पाऊल, अकरा वाजून चौदा मिनिटं, जवळची व्यक्ती अमुक. दोन वर्षांत वहीत त्या रकान्यात काही लिहायलाच उरलं नव्हतं.

ओजल तेरा महिन्यांची झाली आणि एका गुरुवारी पलंगाची कड सोडून उभी राहिली. दोन्ही हात पंखांसारखे पसरून, उज्ज्वलाकडे बघत, ओठावर लाळेचा फुगा. उजवा पाय उचलला गेला.

उज्ज्वला झटक्यात पुढे झाली आणि तिनं तिला खाली बसवलं.

तिनं हे ठरवून केलं नव्हतं. पण बसवल्यावर तिला आपलाच बेत कळला. पाऊल पडलंच नाही तर वर्दी जाणार नाही, आणि पाऊल रविवारपर्यंत थांबू शकतं. संध्याकाळी ती दाराशी म्हणाली, "सायली, रविवारी जरा मोकळं सोड तिला. फार उभी राहते आजकाल."

"हो गं, बघते," सायली फोनमध्ये बघत म्हणाली.

रविवारी कारखान्यात कसलीशी तपासणी निघाली आणि ओजलचा दिवस सायलीच्या मैत्रिणीकडे, बाबागाडीत गेला. सोमवारी उज्ज्वलानं विचारलं. "कुठलं गं मावशी, दमले होते नुसती." म्हणजे आणखी आठवडा.

तो आठवडा उज्ज्वलाला जड गेला. ओजल दिवसातून तीसदा उभी राही आणि तीसदा तिला बसवावं लागे. कधी मांडीवर, कधी उंच खुर्चीत, कधी चादरीच्या झोळीत. पोरीला राग येऊ लागला. तिनं उज्ज्वलाच्या दंडाचा चावा घेतला. मग रडली. उज्ज्वलानं वीस मोजले. उचलल्यावरही ओजल ताठ झाली, पाठ कमानीसारखी वाकवली. त्विशानं बाहुलीला खाली बसवलं आणि दरडावलं, "चालायचं नाही. रविवारी चालायचं."

दुसरा रविवारही तसाच गेला. मंगळवारी सायली साडेपाचलाच आली. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत तिनं, उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवून उभी राहिली. त्विशाला तिचा बाबा नुकताच घेऊन गेला होता. ओजल सतरंजीवर वाटी आपटत होती.

"मावशी, मला सकाळी दोन नोटिसा आल्या. एक विकासाची. पोर उभी राहते पण पुढे जात नाही, दाखवून घ्या. मी अर्धा दिवस टाकून डॉक्टरकडे गेले. पाय ठणठणीत आहेत तिचे. त्यांनी टिकलीचा आलेख काढून दाखवला. उभी राहते आणि दीड सेकंदात खाली बसते. दर वेळी. इथेच. तू बसवतेस तिला?"

"हो."

"का?"

उज्ज्वला वाकून सतरंजीची दुमडलेली कड सरळ करू लागली.

"दुसरी नोटीस दुर्लक्षाची. तुझा आकडा चौतीसवर आलाय. तुझा, मावशी! मी म्हटलं टिकलीच बिघडली असणार. मग त्यांनी रडण्याच्या नोंदी दाखवल्या." सायलीचा आवाज बसला. "रडायला लागल्यापासून तू उचलेपर्यंत वीस सेकंद. दर वेळी वीस. मूल पडलं तरी वीस, भुकेलं तरी वीस. एकोणीस नाही, एकवीस नाही. मी तपासणी विभागात आहे, मावशी. इतका सरळ आकडा आपोआप येत नसतो. तू मोजत होतीस?"

"तुझा आकडा अठ्ठावन्न होता," उज्ज्वला म्हणाली.

सायलीला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या सोयीसाठी माझ्या पोरीला रडत ठेवलंस?"

"तू नेली असतीस तिला."

"मी नसती नेली."

"सगळ्या तसंच म्हणतात गं. कोणाचं घर लांब पडतं, कोणाच्या सासूबाई येतात."

"मी सगळ्यांतली आहे?" सायलीनं डोळे पुसले. "बरं, रडण्याचं ते कळलं. चालू का दिलं नाहीस? त्यानं तुझा कोणता आकडा सांभाळला जाणार होता?"

"मला वाटलं, तुझ्यासमोर चालावी. पहिल्यांदा."

"हे काय मावशी? इथे चालली असती तर इथे चालली असती! माझ्या वेळी तू असलं काही केलं नाहीस. माझं पहिलं पाऊल आईनंच बघितलं ना? रविवार होता, स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटत होती आणि मी फ्रिजपासून तिच्या साडीपर्यंत चालत गेले. लाटणं हातात तसंच. शेवटच्या आजारपणात, नाव आठवेना तेव्हासुद्धा, तेवढं सांगायची ती. लाटणं हातात तसंच." ती थांबली. मग अगदी सरळ उज्ज्वलाकडे बघून तिनं विचारलं, "का मलाही तू असंच धरून बसवलं होतंस?"

देवघराचा खण हाताच्या अंतरावर होता. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत ते लिहिलेलं होतं. शुक्रवार. सायली. चार पावलं, खिडकीपासून पलंगापर्यंत. आईला सांगितलं का, नाही. ते पान उघडून समोर धरलं असतं तर सायलीला एका दमात सगळं समजलं असतं. पूर्वी सांगायचं नाही एवढंच पुरायचं, आता थांबवावं लागतं, एवढाच तर फरक. कदाचित ती चप्पल काढून आत येऊन बसलीही असती. ओजल उद्या पुन्हा आली असती.

उज्ज्वलाचा हात खणाच्या कडीवर होता. तिनं तो पदराला पुसला.

"नाही गं," ती म्हणाली. "तुला कशाला बसवीन? तू त्या रविवारपर्यंत जागची हललीसुद्धा नव्हतीस. सोमवारी निशाताईंनीच सांगितलं मला. मी म्हटलं, काय सांगता!"

सायलीनं सुस्कारा सोडला. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, पण राग होता तिथेच राहिला.

"सायली, पिशवी खाली ठेव," उज्ज्वला म्हणाली. "तिथेच बस, उंबऱ्यापाशी. हात पुढे कर. बोलावू नकोस, नुसती बघ तिच्याकडे."

"आत्ता?"

"आत्ताच."

तिनं ओजलच्या हातातली वाटी घेतली, तिला पलंगाच्या कडेशी उभी केली, बारा दिवसांत पहिल्यांदा तिच्यापासून हात काढून घेतले आणि बाजूला सरली. ओजलनं आधी उज्ज्वलाकडेच पाहिलं, आता बसवेल म्हणून. उज्ज्वला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. पोर थोडी झुलली. मग एक. मग दुसरं, जरा तिरपं. मग धावल्यासारखी तीन, आणि ती आईच्या हातांत जाऊन आदळली.

सायलीच्या पिशवीतून फोन वाजला. पहिलं पाऊल, पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं, जवळची व्यक्ती आई.

"चालली! मावशी, चालली गं!" सायली हसत होती, रडत होती, पोरीचे पाय धरून त्यांचे मुके घेत होती. "माझ्याकडे आली! आईसारखंच झालं बघ, अगदी तसंच!"

"काय सांगतेस," उज्ज्वला म्हणाली.

ओजलला आता चालण्याची गोडी लागली होती. आईच्या कुशीतून मान वळवून तिनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं आणि उज्ज्वलाच्या दिशेनं दोन्ही हात केले. एक पाय पुढे टाकलाही.

"अगंबाई, कुकर!" असं म्हणून उज्ज्वला पाठ करून स्वयंपाकघरात गेली. कुकर लावलेलाच नव्हता. तिनं नळ सोडला आणि पाण्याखाली कोरडे हात धरून ठेवले.

ती बाहेर आली तेव्हा सायली उठली होती. ओजल कडेवर, पिशवी खांद्याला.

"मावशी," ती खाली बघत म्हणाली, "आजचं मी विसरणार नाही. पण उद्यापासून..."

"हो. तिची दुपारची चादर दोरीवर आहे. वाळली की पाठवते."

"राहू दे ती. ठेव तुझ्याकडे." लिफ्टपर्यंत गेल्यावर सायली वळून म्हणाली, "ते वीस सेकंद मला पचणार नाहीत गं. प्रयत्न केला तरी."

"मला तरी कुठे पचलेत," उज्ज्वला म्हणाली, पण तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

तिनं टोपलीत खेळणी भरली. वाटी धुऊन पालथी घातली. मग देवघराच्या खालचा खण उघडून वही काढली आणि दोन वर्षांनी तीत लिहायला बसली. मंगळवार. ओजल. पाच पावलं, पलंगापासून उंबऱ्यापर्यंत. शेवटच्या रकान्याशी पेन अडलं. तिथे "नाही" लिहायची तिच्या हाताला तीस वर्षांची सवय होती. जरा विचार करून तिनं लिहिलं, आई समोर होती.

ओळ पुरी झाली आणि तिला रडू फुटलं. घरात कोणी नव्हतं, तरी डोळ्यांना पदर लावायच्या आधीच सवयीनं आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. दोरीवरची चादर वाऱ्यानं हलत होती. अठरा. एकोणीस. वीस.

विसाच्या पुढे काय करायचं ते तिनं कधी ठरवलंच नव्हतं. म्हणून ती एकवीस म्हणाली.